पिठाची बाजू वर

मला भाकरी येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं भांडण त्यावरूनच झालं.

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका इमारतीत, वरच्या मजल्यावर आमचा अ‍ॅनिमेशन स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, थोडे कॉम्प्युटर आणि एक एसी, जो स्टुडिओ चालवणारे सर आले की चालू व्हायचा आणि सर गेले की बंद. अजून न बांधलेल्या फ्लॅटमधून गिऱ्हाइकाला फिरवून आणणाऱ्या फिल्म, साखर कारखान्यातली यंत्रं कशी चालतात ते दाखवणाऱ्या फिल्म, दुकानांच्या जाहिराती, असली कामं आम्ही करायचो. त्या उन्हाळ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणीची पाकिटं विकणाऱ्या एका कंपनीची जाहिरात आली. गोल चेहऱ्याची एक कार्टून मावशी चुलीपुढे बसते, भाकरी थापते, उचलून तव्यावर टाकते, पाणी लावते आणि आपल्याकडे बघून हसते. मावशीचं हसू दुसऱ्या कुणीतरी केलं. तिचे हात आणि भाकरी मी केली. सगळी जाहिरात त्या भाकरीवर उभी होती.

फिल्म दाखवायच्या दिवशी कंपनीचे मालक आले. भाकरी परातीतून मावशीच्या तळहातावर आली, तिथून तव्यावर गेली, तसे ते खुर्चीत पुढं सरकले.

"ही भाकरी कुणी केली?"

सरांनी माझ्याकडे हात केला. "हिनं. हिची आई भाकऱ्या करून विकते, मालक. हिच्या रक्तातच आहे ते."

"तरीच," मालक म्हणाले.

तरीच. एवढा एकच शब्द. माझी तीन वर्षांची डिग्री, कॉलेजच्या लॅबमध्ये शिपाई कुलूप घेऊन दारात उभा राहीपर्यंत केलेला सराव, इंग्रजी व्हिडिओ अर्धा कळला म्हणून थांबवून थांबवून पुन्हा पाहणं, सगळं त्या एका शब्दानं पुसून टाकलं. जणू मी काही केलंच नव्हतं. आई भाकरी करते, म्हणून मुलीच्या कॉम्प्युटरात भाकरी आपोआप फुगली.

मालक खुशीत आले की त्यांना कल्पना सुचतात. कंपनी जाहिरातीसाठी कार्यक्रम घेणार होती. स्टेजवर खरी चूल मांडायची, माझ्या आईनं तिथं बसून भाकऱ्या करायच्या आणि मी इरकल नेसून तिच्याशेजारी उभी राहायचं. "भाकरीवाली आई आणि तिची मुलगी. लोकांना लई आवडंल," मालक म्हणाले. "एकदम नॅचरल," सर म्हणाले. आणि त्याच दमात त्यांनी मालकांच्या भावाकडून आलेल्या पुढच्या कामाचं सांगून टाकलं. चादरीची मोठी फिल्म. तिचा लीड माझ्याशेजारी बसणारा मुलगा. लीड म्हणजे कुठली वस्तू कशी हलणार हे जो ठरवतो, क्लायंटशी जो बोलतो, ज्याचं नाव सगळ्यांच्या वर येतं तो.

"टेक्निकल बाजू तो बघेल," सर मला म्हणाले. "तू लोकल टच दे."

मी खाली मान घालून बसले. त्या दिवशी काहीच बोलले नाही. त्याचा राग अजून आहे, आणि तो सरांइतकाच माझ्यावरही आहे.

रक्त हा शब्द आमच्या घरात साधा नाही. आमच्या पुढच्या खोलीत निळ्या कोटातला फोटो आहे. त्याच्याखाली बसून मी अभ्यास केला. कुणाच्या रक्तात काय आहे, कुणी काय करायचं आणि कुणी कशाला हात लावायचा नाही, हे आमच्या माणसांसाठी किती पिढ्या दुसऱ्यांनीच ठरवलं. मग आमच्यातली एक मुलगी कॉलेजात गेली, पास झाली, कॉम्प्युटरवर बसली, आणि एसीतल्या खोलीत पुन्हा तोच शब्द, तोही कौतुक म्हणून. शिवी असती तर उलट उत्तर देता आलं असतं. कौतुकाला काय उत्तर द्यायचं, ते मला कुणी शिकवलं नव्हतं.

बरं, ज्या रक्ताचं कौतुक चाललं होतं त्यात भाकरी नव्हतीच. आईनं मला परातीजवळ कधी फिरकू दिलं नाही. वडील मालधक्क्यावर हमाली करायचे, ते गेल्यावर घर तिच्या भाकऱ्यांवर चाललं. खानावळीच्या भाकऱ्या सकाळी, दुकानांच्या कडक भाकऱ्या दुपारी. मदतीला हात हवाच होता. पण मी पिठाला हात लावला की ती पळीच उगारायची.

शेजारची काकू एकदा म्हणाली, "पोरीला भाकरी येत न्हाय, कुटं खपवनार हाईस हिला?"

"खपवायला ती काय भाकरी हाय?" आई तव्यावरची नजर न काढता म्हणाली. "तिला पुस्तक येतंय. तुज्या पोरीला येतंय का इचार."

काकू आठवडाभर बोलली नाही. मी मात्र त्या दिवसापासून भाकरी न येणं हे मार्कांसारखं मिरवत आले.

आता त्या कार्टून मावशीच्या हातातली भाकरी कशी हलली, ते सांगते, म्हणजे रक्त कुठं होतं ते तुम्हीच शोधा.

कॉम्प्युटरातल्या वस्तूला आपल्या जागेचं काही कळत नाही. मावशीचा हात वर नेला तर हात वर जातो, भाकरी तिथंच राहते. प्रत्येक फ्रेमला हातही हलवायचा आणि भाकरीही, असं करत बसलं तर कामाला अंत नाही, शिवाय भाकरी हातावर ठरत नाही, बर्फावर ठेवल्यासारखी घसरत राहते. म्हणून भाकरीला बांधायचं. तिला सांगायचं की, तुझी जागा आता तू ठरवायची नाहीस, हा तळहात जिथं जाईल तिथं तू. या बांधणीला पोझिशन कन्स्ट्रेंट म्हणतात. एकदा बांधली की फक्त हात हलवा, भाकरी मुकाट मागं येते.

पण भाकरीला एक धनी नसतो, तीन असतात. आधी परात, मग तळहात, मग तवा. एकाच वस्तूला तिघांशी बांधता येतं आणि कुणाचा जोर किती, ते आपण ठरवतो. त्याला आम्ही वेट म्हणतो, म्हणजे वजन. परातीचं वजन पूर्ण आणि बाकीच्यांचं शून्य, तर भाकरी परातीत. हात खाली येऊन टेकला की परातीचं वजन काढून हाताला द्यायचं, भाकरी हाताची झाली. हे नेमक्या क्षणी करावं लागतं. थोडं लवकर केलं तर भाकरी उडी मारून हातात येते, जादूच्या खेळासारखी. उशीर झाला तर हात भाकरीतून आरपार जातो. आणि दोघांनाही सारखं वजन देऊन ठेवलं तर भाकरी कुणाकडेच जात नाही. दोघांच्या बरोबर मधे, हवेत लटकते. पहिल्या आठवड्यात माझी अशीच लटकली होती, मावशीच्या गुडघ्यासमोर. सगळं ऑफिस बघायला आलं, सरसुद्धा. शेजारचा मुलगा म्हणाला, "ताई, उडती तबकडी उतरली सोलापुरात." तोही हसला, मीही हसले. मुलगा वाईट नव्हता. पुण्याहून कोर्स करून आला होता, इंग्रजी चांगलं बोलायचा आणि कन्स्ट्रेंट लावायची वेळ आली की, "ताई, एवढं बघ ना," म्हणायचा. सरांना ते एसीच्या आवाजात कधी ऐकू आलं नाही.

तर मालक "तरीच" म्हणाले त्या संध्याकाळी मी घरी आले. नळाला पाणी यायचा दिवस होता, आई भांडी भरून दमून उंबऱ्यात बसली होती. मी तिच्यापुढे सगळं ओतलं. स्टेज, चूल, इरकल.

"मी न्हाय येनार," ती म्हणाली. "लोकांच्या म्होरं बसून भाकरी करायला मी काय अस्वल हाय?"

"तेच म्हणते मी. आणि म्हणं, माझ्या रक्तात हाय भाकरी. तुझ्याकडून आलीया."

आईनं दोन्ही हात पुढं केले. बोटांच्या टोकांची कातडी तिची कधीच धड नसते. "माज्या तरी रगतात कुटं हुती? सासूनं पयल्यांदा बसवलं तवा रोज बोटं पोळायची आन रोज शिव्या खायची. भाकरी थापली की नकाशा व्हायचा. ह्यो म्हाराष्ट्र, ह्यो कर्नाटक." ती हसली. "त्या तुज्या सायबाला सांग, रगात न्हवतं, पानी हुतं. डोळ्यातलं. बरं, दाव की काय केलंयास ते."

मी मोबाइल तिच्या हातात दिला. तिनं फिल्म पाहिली. चष्मा पुसून परत पाहिली.

"उलटी टाकलीया की गं."

"काय?"

"भाकरी. पिठाची बाजू वर येती. खाली पीठ लावून थापायची, आन टाकताना ती बाजू वर करायची, मंग तिच्यावर पानी फिरवायचं. हिचं पीठ तव्याला ऱ्हायलं, जळंल की ते." तिनं मावशीच्या हसऱ्या चेहऱ्याकडे बघितलं. "बाई लई देखनी हाय. पर तिच्या आयशीनं काय शिकवलं न्हाय तिला."

मला हसू येईना. मी तिचाच व्हिडिओ मोबाइलवर घेऊन, तो बघून काम केलं होतं. पण तिचा हात तव्यावर जातो तेव्हा वाफ असते, आणि भाकरी पालथी होते ती डोळ्याचं पातं लवायच्या आत. मी हात कुठून कुठं गेला तेवढंच टिपलं. आणि पोझिशन कन्स्ट्रेंट तेवढंच करतो. तो जागा देतो, वळण देत नाही. हात उपडा झाला तरी त्याला बांधलेली भाकरी जशी होती तशीच राहते, जी बाजू वर ती वरच. परातीत बोटांचे ठसे वर होते, तव्यावरही तेच वर. भाकरी येणारी कुठलीही बाई हे एका नजरेत बघेल. मला दिसलं नाही. मालकांना दिसलं नाही, त्यांचा तर धंदाच भाकरीचा. सरांनाही दिसलं नाही, ज्यांना माझं रक्त आरपार दिसत होतं.

आईनं मोबाइल माझ्या हातात परत दिला. मग म्हणाली, "सांगू नगंस कुनाला. गुपचूप नीट कर."

गुपचूप करता आलं असतं. फाइल माझ्याच कॉम्प्युटरवर होती. पण गुपचूप केलं असतं तर ते रक्त तसंच राहिलं असतं.

दोन दिवसांनी मालक स्टेजचा आराखडा घेऊन आले. चूल कुठं, आई कुठं, मी कुठं. सोबत कंपनीची आणखी माणसं होती. सरांनी फिल्म लावली आणि त्यांना सांगायला सुरुवात केली, "ह्या मुलीच्या आईचा भाकरीचा व्यवसाय आहे, त्यामुळं हिच्या रक्तातच..."

"सर, एक मिनिट," मी उठले. "मालक, ही भाकरी उलटी पडलीय."

पडद्यावर मावशी हसत होती. सर माझ्याकडे बघत होते.

"पिठाची बाजू वर पाहिजे. ती खाली गेलीय. सर म्हणतात हे माझ्या रक्तात आहे. रक्तात असतं तर भाकरी उलटी पडली असती का? मला भाकरी येत नाही. जन्मात एकही केली नाही. माझ्या आईनं येऊ दिली नाही. हे जे हलतंय ते मी कॉलेजात शिकून केलंय. आणि चुकलंय तेही मीच केलंय, आईनं नाही."

मालकांनी पडद्याकडे पाहिलं, मग आपल्या माणसांकडे. कुणालाच खात्री नव्हती. शेवटी त्यांनी फोन काढला आणि कारखान्यात भाकऱ्यांवर देखरेख करणाऱ्या बाईंना लावला.

"बाई, भाकरी तव्यावर टाकताना पीठ वर का खाली?"

फोनमधला आवाज सगळ्या खोलीला ऐकू गेला. "मालक, तब्येत बरी हाय न्हवं तुमची?"

"सांगा हो."

"वर की. खाली कुनाच्यात टाकत्यात?"

मालकांनी फोन खिशात ठेवला. त्यांचा चेहरा पडला होता, पण ते मला म्हणाले, "बरं झालं आत्ता सांगितलंस. गावभर दिसली असती." सर मात्र लाल झाले. त्यांनी शेजारच्या मुलाला माझ्या जाग्यावर बसवलं. "हे आत्ताच्या आत्ता करून दाखव. मालक बसलेत."

त्यानं भाकरी निवडली, वळवली. तव्यावर सुलटी झाली, पण परातीत उलटी झाली. मग त्यानं बांधणी सोडून पुन्हा बांधली, आणि भाकरी पडद्यावरून गेलीच. सगळे शोधायला लागले. कंपनीतल्या एका माणसाला ती सापडली. "ती बघा, चुलीच्या मागं भिंतीत घुसलीय."

"ताई, तूच ये," मुलगा खुर्चीवरून उठत म्हणाला. त्यानं हे सगळ्यांसमोर म्हटलं, त्याबद्दल मी त्याला मानते.

मी बसले नाही. उभ्यानंच म्हणाले, "करते. पण आई स्टेजवर येणार नाही, मीही चुलीशेजारी उभी राहणार नाही. आणि चादरीच्या फिल्मची लीड मी."

"क्लायंटसमोर हे बोलायचं असतं का?" सर हळू आवाजात म्हणाले.

"माझ्या रक्ताचं तुम्ही क्लायंटसमोरच बोललात, सर. दोनदा."

मालकांनी घड्याळ बघितलं. "अहो, तिला करू द्या की. स्टेजचं राहू द्या." सर म्हणाले, "बघतो. आधी हे कर."

मी केलं. भाकरी आणि हात यांच्यामधे एक न दिसणारी चौकट ठेवली, पडद्यावर जिला काही रूप नसतं अशी. हाताशी बांधली ती ही चौकट, आणि भाकरी चौकटीच्या आत मोकळी ठेवून तिला हवं तिथं स्वतः वळवलं. जागा हाताकडून आली, वळण मी दिलं. मालक चहा पिईपर्यंत भाकरी पालथी होऊन पिठाची बाजू वर करून तव्यावर पडली. मावशीनं तिच्यावर पाणी फिरवलं. खोलीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत आणि कुणी रक्ताचा विषयही काढला नाही.

मालक गेल्यावर सरांनी मला आत बोलावलं. वाटलं ओरडतील. ते गोड बोलले. "हे बघ, मला कुणाला दुखवायचं नाही. चादरीला तुम्ही दोघंही लीड. दोघांना सारखा मान."

"सर, दोघांना सारखं वजन दिलं की काय होतं ते तुम्ही पाहिलंय."

"म्हणजे?"

त्यांना खरंच आठवत नव्हतं. काचेपलीकडे शेजारच्या मुलानं मान खाली घातली होती, त्याला कळलं होतं.

"मला मधे लटकायचं नाही," मी म्हणाले. "एकतर मी, नाहीतर तो. तो असेल तर तसं सांगा, मी जाते."

सरांना वाटलं, ही कुठं जाणार. आमच्यासारख्यांना नोकरी सोडता येत नाही, असा त्यांचा हिशेब. सोमवारी बोर्डावर नाव लागलं, एकच, त्या मुलाचं. मी पेनड्राइव्ह आणि डबा उचलला आणि जिना उतरले. उन्हात सात रस्त्याला उभी राहून घरची रिक्षा धरली. आता घरूनच काम करते. आईच्या पिठाच्या डब्यांच्या वरच्या फळीवर कॉम्प्युटर आहे, त्याच्यावर कापड घालावं लागतं. चादरीची फिल्म मी पाहिली. वाईट नाही. एका ठिकाणी मागावरच्या धोट्याचा धागा सुटून हवेत राहतो.

भाकरीच्या जाहिरातीवर कुणाचंच नाव नाही. जाहिरातीवर नसतंच. सर अजूनही नव्या गिऱ्हाइकांना ती दाखवतात, आणि "आमच्याकडे एक मुलगी होती, तिच्या रक्तातच होतं," असं सांगतात, असं त्या मुलानं मला फोनवर सांगितलं. मी ऐकलं आणि फोन ठेवला.

मागच्या महिन्यात केम गावाला माझ्या मावशीकडे जायला टेंभुर्णीच्या स्टँडवर एस.टी.ची वाट बघत होते. कँटीनमधल्या टीव्हीवर जाहिरात लागली. गोल चेहऱ्याची ती बाई, परात, तळहात, तवा. माझ्या बाकावर डोक्यावरून पदर घेतलेली एक वयस्क बाई पिशवी मांडीवर धरून बसली होती. भाकरी पालथी होऊन पडली तशी ती स्वतःशीच म्हणाली, "बराबर टाकली."

मला राहवलं नाही. "ती मी केलीय, मावशी."

तिनं माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं. "काय? भाकरी?"

"भाकरी. आणि तिचे हात. कॉम्प्युटरवर."

"मंग तुला लई चांगली येत आसंल की भाकरी."

आता ही पण. "न्हाय येत," मी म्हणाले, जरा जोरातच. "आजिबात येत न्हाय."

बाईनं पिशवी खाली ठेवली आणि माझ्याकडे तोंड करून बसली.

"मंग केलीस कशी गं?"

इतक्या दिवसांत हे मला कुणी विचारलंच नव्हतं. सरांनी नाही, मालकांनी नाही. मी माझी पर्स बाकावर ठेवली, तिच्या पिशवीवरचा रुमाल मागून घेतला, गोल घडी घातली आणि माझ्या तळहातावर ठेवली. "आता बघा," मी म्हणाले, "ही भाकरी. हिला सांगायचं, तुझी जागा तू ठरवायची न्हाय." तिची करमाळ्याची गाडी लागली, तरी ती उठली नाही. म्हणाली, "दुसरी येती की. सांग तू."